आज रात्री कोरियाशी फायनल: हरलेल्या फायनलही आठवा

लेफ्ट-इन, सोलापूर | रविवार, ७ सप्टेंबर २०२५, सकाळी ८.४०

राजगीरला आज संध्याकाळी साडेसातला हॉकीच्या आशिया कपची फायनल. समोर कोरिया, म्हणजे गतविजेते आणि हा कप पाच वेळा नेलेले. आपण तीनदा नेलाय. जो जिंकेल तो पुढच्या ऑगस्टमधल्या विश्वचषकाला थेट जाणार. जूनमध्ये प्रो लीगच्या युरोप दौऱ्यात आपण ओळीने सात सामने हरलो होतो, त्यामुळे या तिकिटाचं मोल हॉकी बघणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

सकाळपासून फोनवर बर्लिन ऑलिंपिकचे ८-१, क्वालालंपूरचा कप, टोकियोचं कांस्य फिरतंय. कालच्या मिरवणुकीतल्या लेझमाचे व्हिडिओ आणि त्यांच्या मध्ये ध्यानचंद. ऊर भरून येतो. पण माझं एक म्हणणं आहे आणि ते आजच मांडायचंय. फायनलच्या दिवशी नुसत्या जिंकलेल्या फायनल आठवत बसलो तर सामना नीट बघता येत नाही. हरलेल्याही आठवल्या पाहिजेत, नावानिशी.

१९७५ ची विश्वचषक फायनल घ्या. पाकिस्तानवर २-१, सुरजितसिंग आणि अशोककुमारचे गोल, हे आपल्याला पाठ आहे. दोन वर्षं आधी नेदरलँड्समधल्या फायनलला काय झालं होतं? याच सुरजितने पहिल्या काही मिनिटांत दोन गोल मारून दिले होते. डच २-२ वर आले. जादा वेळेत आपल्याला पेनल्टी स्ट्रोक मिळाला, गोविंदाच्या हातून तो गेला, आणि टायब्रेकरमध्ये कप गेला. सुरजित, गोविंदा, अशोककुमार ही माणसं तेच ओझं घेऊन क्वालालंपूरला उतरली होती. १९७३ माहीत नसेल तर १९७५ च्या कपाचं वजन कळत नाही.

आता कोरिया. २००७ ला चेन्नईत याच स्पर्धेच्या फायनलला आपण त्यांना ७-२ ने लोळवलं. सगळ्यांना आठवतं. सहा महिन्यांनी चिलीत सँटियागोला ऑलिंपिकच्या पात्रता स्पर्धेत ब्रिटनकडून ०-२ हरलो आणि १९२८ पासून पहिल्यांदाच ऑलिंपिक आपल्या हॉकी संघाशिवाय झालं. २०१३ ला इपोहला पुन्हा कोरिया, पुन्हा आशिया कपची फायनल. ०-२ वरून पोरांनी सामना ओढून आणला आणि तरी ३-४ हरलो. त्या संघातले मनप्रीत आणि मनदीप आजही संघात आहेत. त्यांच्या डोक्यात आज चेन्नई नसणार, इपोह असणार. मग आपल्या डोक्यात का नको?

विजापूर रोड | सकाळी ९.२५

मालक, मी पूर्णपणे तुमच्या विरुद्ध. हरलेल्या फायनल आठवायला कुणी सांगावं लागत नाही ओ, त्या आपोआप आठवतात. माझ्या घरी सामन्याची शेवटची पाच मिनिटं राहिली की वडील उठून गॅलरीत जातात. आपण दोन गोलांनी पुढे असलो तरी जातात. "आता खाणार बघ" हे त्यांच्या तोंडातलं वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. ऐंशी-नव्वदच्या दशकांत हॉकी बघितलेल्या सगळ्या माणसांचं हेच झालंय, आणि ती भीती त्यांनी आमच्या पिढीला वारसाहक्काने दिली.

ती तोडली टोकियोने. ५ ऑगस्ट २०२१, कांस्याचा सामना, जर्मनी ३-१ ने पुढे. तिथून ५-४. शेवटची सहा सेकंदं राहिलेली असताना जर्मनीला पेनल्टी कॉर्नर, आणि आपल्या गोलकीपरने, श्रीजेशने, तो अडवला. माझा पुतण्या तेव्हा लहान होता, हॉकी म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं. त्याच आठवड्यात आईचं धोपाटणं घेऊन अंगणात टेनिसचा बॉल ढकलायला लागला. आईने ओरडून ते काढून घेतलं, मग आम्ही त्याला खरी स्टिक आणून दिली. आज तो शाळेच्या संघात आहे. त्याला मी इपोह का सांगू? त्याला सांगायचं तर पॅरिस सांगेन. स्पेनवर २-१, हरमनप्रीतचे दोन्ही गोल, लागोपाठ दुसऱ्या ऑलिंपिकमध्ये पदक. खेळ जिंकून वाढतो. रडून मोठा झालेला खेळ मला दाखवा.

बाळीवेस | सकाळी १०.१०

दोघांचं वाचलं. लेफ्ट-इन, तुमचा हेतू चांगला आहे, पण आपल्याकडे हरलेली फायनल कशी आठवली जाते ते बघा.

१९८२, दिल्लीचे एशियाड. फायनलमध्ये पाकिस्तानकडून १-७. लोकांच्या लक्षात काय राहिलं? मीर रंजन नेगी. गोलात उभ्या असलेल्या एका माणसावर देश विकल्याचा आळ घेण्यापर्यंत मजल गेली. मी तेव्हा शाळेत होते आणि आमच्या गल्लीतली मोठी माणसं काय काय बोलत होती ते मला अजून ऐकू येतं. सात गोल एकटा गोलकीपर खातो का? मधली फळी कुठे होती, बॅक कुठे होते, हे कुणी विचारलं नाही. पुढे १९९८ ला बँकॉकला धनराज पिल्लेच्या संघाने ३२ वर्षांनी एशियाडचं सुवर्ण आणलं, तेव्हा गोलकीपरांना तयार करणारे हेच नेगी होते. हे किती जणांना माहीत आहे?

आज श्रीजेश नाही. गोलात कृष्ण पाठक आणि आपल्या मुंबईचा सूरज करकेरा आहेत. देव न करो, पण आज काही वेडंवाकडं झालं तर उद्या सकाळी तुमचे हेच आठवणीवाले लोक कुणाचं नाव घेतील ते मला आत्ताच दिसतंय. म्हणून माझा विरोध. पराभव आठवायचा तर आपल्याला आधी तो आठवण्याची रीत शिकावी लागेल.

आणि १९७५ बद्दल. आमचे वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. त्या दिवशी त्यांनी रेडिओ खिडकीत ठेवला होता, म्हणजे बाहेर ओट्यावर बसलेल्यांनाही ऐकू जावं. समालोचक जसदेवसिंगांचा आवाज चढला की ओट्यावरची माणसं उभी राहायची. अशोककुमारचा चेंडू खांबाला लागून बाहेर आला, पंचांनी गोल दिला, पाकिस्तानचे खेळाडू भांडायला लागले, आणि आमच्या ओट्यावर कुणालाच कळेना की जल्लोष करायचा की थांबायचं. वडील सांगत होते, "थांबा, थांबा." मला त्या सामन्यातलं हे थांबणं जास्त आठवतं.

लेफ्ट-इन, सोलापूर | सकाळी १०.५०

ताई, नेगींबद्दल तुम्ही लिहिलंत ते शब्दन् शब्द खरं. पण त्यातून मी उलटा निष्कर्ष काढतो. तो सामना कुणी नीट आठवलाच नाही म्हणून तर एका माणसाच्या गळ्यात घालता आला. १-७ हा आकडा राहिला आणि सामना पुसला गेला.

जिंकलेल्यांचं तरी आपण काय केलं? १९९८ च्या त्याच सुवर्ण संघातले धनराज आणि कोरियाविरुद्ध टायब्रेकरमध्ये गोल वाचवणारा आशिष बल्लाळ धरून अनेक जण पुढच्या दौऱ्यात संघाबाहेर. खडकीच्या पोराने, धनराजने, ३२ वर्षांचा दुष्काळ संपवला आणि त्याला घरी बसवलं. विजापूर रोड, खेळ जिंकून वाढतो म्हणता ना, मग १९९८ नंतर का वाढला नाही?

विजापूर रोड | सकाळी ११.०५

कारण खेळाडूंना वाऱ्यावर सोडलं होतं. तो कारभाराचा प्रश्न झाला, आठवणींचा नाही. दोन्हींची सरमिसळ करू नका.

माती ते टर्फ | दुपारी १२.२०

सोलापुरात मातीवर खेळलो, नंतर पुण्याला बालेवाडीच्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर. म्हणून थोडं खेळाबद्दल लिहितो, कारण वर सगळं मनाबद्दल चाललंय.

१९७५ ची फायनल गवतावर झाली, ३५-३५ मिनिटांचे दोन हाफ, ऑफसाइड होता. इपोहलासुद्धा दोनच हाफ होते. आज १५ मिनिटांचे चार क्वार्टर, हवे तेवढे बदली खेळाडू, व्हिडिओ रेफरल, आणि बरोबरी झाली तर २३ मीटरवरून आठ सेकंदांचं शूटआउट. टर्फवर पाणी मारलेलं असतं, चेंडू सुटला की त्याच्या मागे पाण्याची बारीक रेघ उठते. मातीवर चेंडू उडतो म्हणून आपली पोरं स्टिक जरा वर धरायला शिकतात, आणि टर्फवर तीच सवय घात करते. चेंडू स्टिकखालून निघून जातो. मातीवरून आलेल्या प्रत्येक पोराचे बालेवाडीतले पहिले पास असेच जातात. तेव्हा जुन्या फायनल आठवायच्या तर जरूर आठवा, पण त्यातून आजच्या सामन्याचं काही कळेल ही आशा ठेवू नका.

आजच्यासाठी एकच सामना बघण्यासारखा आहे, ३ सप्टेंबरचा. सुपर फोरमध्ये, म्हणजे शेवटच्या चार संघांच्या फेरीत, याच कोरियाशी २-२. पावसाने उशिरा सुरू झाला. आपल्या हार्दिक सिंगने सुरुवातीलाच गोल केला आणि आपल्याला वाटलं संपलं. पहिल्याच क्वार्टरमध्ये कोरियाने दोन गोल मारले. मग ते सगळे मागे गेले. डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, काठावर त्यांची भिंत, आपण बाहेरून फिरवतोय, मधून जागा नाही, आणि चेंडू हातचा गेला की लगेच त्यांचा उलटा हल्ला. चौथ्या क्वार्टरमध्ये मनदीपने बरोबरी केली तेव्हा सुटलो. चीनला काल ७-० हरवलं म्हणून हवेत जाणाऱ्यांनी ते आठवावं. चीन पुढे येऊन खेळला, म्हणून मोकळी जागा मिळाली. कोरिया ती देणार नाही.

माझ्या मते आज सगळं पहिल्या गोलावर आहे. तो आपण लवकर केला आणि दहा मिनिटं टिकवला तर कोरियाला पुढे यावंच लागेल. मग विंगांवरून आपली पोरं त्यांना पळवतील. त्यांनी आधी केला तर परत तीच भिंत.

कुमठा नाका | दुपारी १.१५

इतकं लिहिलंत, पण एकाही ओळीत मुली नाहीत. चीनमध्ये हांगझोऊला महिलांचा आशिया कप शुक्रवारी सुरू झालाय. पहिला सामना थायलंडवर ११-०, काल जपानशी २-२. तिथेही जो जिंकेल त्याला विश्वचषकाचं थेट तिकीट. त्या संघात सातारा जिल्ह्यातल्या दोघी आहेत, वैष्णवी फाळके आणि ऋतुजा पिसाळ. वैष्णवी फलटण तालुक्यातली, म्हणजे आपलं नातेपुते ओलांडलं की तिचा तालुका. क्वालालंपूर आणि इपोहच्या आठवणी काढताय, आणि शेजारच्या तालुक्यातली पोरगी देशासाठी मिडफिल्डला खेळतेय ती कुणाच्या लक्षात नाही.

टोकियोत मुलींनी ऑस्ट्रेलियाला १-० ने बाहेर काढलं, गुरजीतचा गोल. चौथ्या आल्या. कांस्याचा सामना हरल्यावर रडणाऱ्या मुली सगळ्या देशाने बघितल्या आणि कुणी त्यांना नावं ठेवली नाहीत. बाळीवेसताई, हरलेला सामना आठवण्याची रीत शिकायची म्हणता ना? ती तिथे झालीय.

बाळीवेस | दुपारी १.४०

हे मनापासून पटलं. एकच जोडते. चौथ्या आलेल्या मुलींचं कौतुक झालं ते खरं, पण तीन वर्षांनी त्या पॅरिसला पात्रच ठरल्या नाहीत, तेव्हा मात्र कुणी ढुंकूनही बघितलं नाही. शिव्याही नाहीत, चौकशीही नाही. मला तर ते जास्त लागलं.

विजापूर रोड | दुपारी २.३०

माती ते टर्फ, तुमचं विश्लेषण आवडलं, पण पहिल्या गोलावर मी सहमत नाही. ३ तारखेला पहिला गोल आपलाच होता की! तरी २-२. मला भीती पेनल्टी कॉर्नरची आहे. कोरियाच्या यांग जिहुनला डीच्या टोकावर चेंडू मिळू द्यायचा नाही आणि बॅकनी उगाच पाय मध्ये घालायचे नाहीत. शिस्त राहिली तर आज ४-२ आपण.

आणि ज्यांच्या घरी ग्रहण पाळतात त्यांच्यासाठी: आज खग्रास चंद्रग्रहण आहे, दुपारपासून वेध. आमची आजी दाते पंचांग पुढ्यात घेऊनच बसलीय, सोलापूरचं पंचांग म्हणून तिचा त्यावर जरा जास्तच जीव. ग्रहण रात्री दहाच्या सुमारास लागतं. शूटआउट झालं तरी सामना त्याआधी संपतो. तिला हे समजावून टीव्हीसमोरची जागा मिळवली आहे.

लेफ्ट-इन, सोलापूर | दुपारी ३.५५

माती ते टर्फ, खेळ बदलला हे मान्य. माणूस बदलत नाही. २०२३ च्या विश्वचषकात भुवनेश्वरला न्यूझीलंडविरुद्ध आपण ३-१ ने पुढे होतो. ३-३ झालं, शूटआउटमध्ये बाहेर पडलो. क्वार्टर, टर्फ, रेफरल, सगळं आजचंच होतं. आघाडी हातात असताना मागे सरकायची सवय मात्र १९७३ चीच. ही सवय कुणीतरी लक्षात ठेवायला हवी, आणि खेळाडू बदलत राहतात, प्रेक्षकच तेवढे तिथे असतात.

विश्वचषकाचं शेवटचं पदक आपल्याला मिळालं त्याला यंदा ५० वर्षं झाली. पुढच्या ऑगस्टमधले सामने बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये आहेत. नेदरलँड्समधलं मैदान कोणतं, तर अ‍ॅम्स्टलवेनचं वागनर स्टेडियम. गोविंदाचा स्ट्रोक गेला ते हेच. आज जिंकलो तर आपण तिथे जाणार. मला हे आजच्या सगळ्यात मोठं वाटतं, आणि १९७३ विसरलेल्या माणसाला ते वाटणारच नाही.

माती ते टर्फ | दुपारी ४.२०

वागनरचं माझ्या लक्षात आलं नव्हतं, भारी आहे. तरी माझं मत तेच. मनप्रीतला आज इपोह आठवून चालणार नाही, त्याला समोरचा कोरियन हाफ दिसला पाहिजे. आठवण तुम्ही ठेवा, ते तुमचं काम.

पुतण्याला घेऊन बसणाऱ्यांसाठी एक सांगतो. चेंडूच्या मागे बघू नका, हार्दिक चेंडू नसताना कुठे पळतो ते पोराला दाखवा. ३ तारखेचा गोल तिथूनच आला होता. माझा अंदाज ३-१, तिन्ही मैदानी गोल.