बॅकअप सर्व्हरचा आयपी पत्ता बदलल्यावर परवाना अवैध का होतो?
सर्व्हरला नवा आयपी पत्ता दिल्यावर बॅकअपचा परवाना अवैध ठरला, तेव्हा सॉफ्टवेअर पुन्हा बसवावे, असा सल्ला दिला जातो; माझ्या मते त्याने काहीच साधणार नाही. परवाना यंत्राच्या ओळखक्रमांकाशी, म्हणजे होस्ट आयडीशी, बांधलेला असेल, तर दोष तिथे शोधावा. लिनक्सच्या ग्लिबसी (glibc) या मूलभूत लायब्ररीत हा क्रमांक प्रथम 'ईटीसी' निर्देशिकेतील 'होस्टआयडी' या फाइलमधून वाचला जातो, आणि ती फाइल नसल्यास यंत्राच्या नावाला जोडलेला आयपी पत्ता शोधून, त्याचे दोन अर्धे भाग उलटसुलट करून, तोच क्रमांक म्हणून दिला जातो. साहजिकच पत्ता बदलला की क्रमांक बदलतो, हार्डवेअर तेच असले तरी.

आमच्याकडे हाच प्रकार झाला होता. गंमत म्हणजे यंत्राचे नाव आयपी पत्त्याशी जोडणाऱ्या 'होस्ट्स' फाइलमध्ये जुन्या पत्त्याची नोंद राहिली होती, तोवर परवाना सुरळीत चालला. ती नोंद दुरुस्त केल्यावर तो बंद पडला, त्यामुळे दोन दिवस संशय भलत्याच बदलावर राहिला.

म्हणून 'होस्टआयडी' ही आज्ञा चालवून येणारा क्रमांक परवान्यातील क्रमांकाशी ताडून पाहावा. तफावत असल्यास विक्रेत्याकडून नव्या क्रमांकाचा परवाना मागवणे हाच सरळ मार्ग आहे. जुना क्रमांक 'ईटीसी'तील 'होस्टआयडी' फाइलमध्ये लिहून कायम ठेवता येतो, मात्र ती चार बाइटची द्विमान (बायनरी) फाइल असल्याने साध्या संपादकात टंकून उपयोग होत नाही, आणि करारात याला मुभा आहे का, हे आधी विचारलेले बरे.