जर्मनीत प्रेग्नन्सी, फक्त ३ सोनोग्राफी??

म्युनिकला येऊन ५ महिने झाले, ११वा आठवडा चालूये, डॉक्टर म्हणते एकूण ३च सोनोग्राफी, आई पुण्याहून रोज ओरडतेय. बरोबर आहे का हे?

— हो गं, सगळं नॉर्मल असेल तर सरकारी विम्यात तेवढ्याच, गरज पडली तर जास्त करतात. ते सोड, हेबामे म्हणजे सुईण आत्ताच शोध, मी २०व्या आठवड्यात फोन करत बसले तर सगळ्या फुल्ल! बाळंतपणानंतर ती घरी येते, आईचा व्हिसा अडकला तर तीच आधार. मुटरपास, म्हणजे प्रेग्नन्सीतल्या तपासण्यांची नोंदवही, कायम पर्समध्ये.

— २४ ते २८ आठवड्यांतली शुगर टेस्ट चुकवू नकोस, आपल्याकडच्या बायकांना धोका जास्त.

— आमच्या शेजारची सीरियन बाई आश्रय मागून आलीये, तिलाही तपासण्या, सुईण, औषधं कायद्यानेच मिळतात. बोंब भाषेची, नवराच दुभाषा, मग ती डॉक्टरसमोर मोकळं काय बोलणार