प्रीकॅल्क्युलसनंतर एबी, बीसी की स्टॅट?

जर्सीकर: मुलगी न्यू जर्सीत दहावीत आहे. प्रीकॅल्क्युलस ऑनर्समध्ये बी प्लस. कल इंजिनिअरिंगकडे. पुढच्या वर्षासाठी एपी (शाळेतच घ्यायचे कॉलेज पातळीचे विषय) कॅल्क्युलस एबी, बीसी किंवा एपी स्टॅटिस्टिक्स यांतलं एक निवडायचंय. ओळखीतले सगळे थेट बीसी घ्या म्हणतात. एबी घेतलं तर ती मागे पडेल का?

त्रिज्या: अजिबात नाही. एबीतलं सगळं बीसीत असतंच. वर पोलर, पॅरामेट्रिक, इंटिग्रेशन बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन्स आणि अनंत श्रेणी. बीसीच्या परीक्षेत एकट्या श्रेणींचाच भार 17-18 टक्के. वर्ष मात्र तेवढंच.

बी प्लस कशामुळे आला ते आधी शोधा. कॅल्क्युलसमध्ये मुलं अडतात ती बहुतेक वेळा कच्च्या बीजगणितामुळे. कॅल्क्युलेटर न देता विचारा: साइन 150 अंश किती? √(क्ष² + 9) म्हणजे क्ष + 3 का नाही? आणि 1/(2 + ह) − 1/2 सोपं करून ह ने भागायला सांगा. उत्तर −1/(2(2 + ह)) यायला हवं. डेरिव्हेटिव्हच्या व्याख्येत पहिल्याच महिन्यात हे करावं लागतं.

समाकलन: स्टॅट चांगला विषय आहे, पण इंजिनिअरिंगसाठी कॅल्क्युलसच्या जागी नको, बारावीत जोडीला घ्या. तिथे आकडेमोड कमी, लिहिणं जास्त. ‘नल हायपोथेसिस (फरक नाही, हे मूळ गृहीतक) सिद्ध झालं’ असं लिहिलं की गुण गेलेच, कारण आकड्यांवरून ते फेटाळता येतं, सिद्ध करता येत नाही.

बीसीच्या निकालात एबीच्या भागाचा गुणही वेगळा मिळतो, म्हणजे श्रेणी फसल्या तरी सगळं पाण्यात जात नाही. कॉलेज तो मानतं का, तेवढं तपासा.

जर्सीकर: साइन आणि वर्गमूळ लगेच सांगितलं. अपूर्णांकात घोळ झाला, वजाचं चिन्ह कंसात गेलंच नाही.

त्रिज्या: मग पाया ठीक आहे, हात बसायला हवा. सुट्टीत रोज अशी 5 गणितं, प्रत्येक पायरी वेगळ्या ओळीत आणि वजाबाकीत दुसऱ्या पदाला कंस हवाच. ऑगस्टपर्यंत चुका थांबल्या तर बीसी, नाहीतर एबी. काउन्सिलरला दोन गोष्टी आजच विचारा: तुमच्या शाळेत बीसी प्रीकॅल्क्युलसनंतर थेट असतं की एबीनंतर, आणि बीसीतून एबीत उतरायची शेवटची तारीख कोणती. थेट असेल तर आता बीसी लिहून ठेवा. वर्ष सुरू झाल्यावर खाली उतरणं सहसा जमतं, वर चढणं अवघड.