मदत हवी आहे: शेडनेटमधली ढोबळी नुसतीच उंच वाढायलीय, ऊन कमी पडतंय का?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. अंबड तालुक्यात दहा गुंठ्यांचं शेडनेट आहे, हिरवी जाळी, 75 टक्के सावलीची. जूनमध्ये ढोबळीची रोपं लावली. जमीन काळी, भारी. ठिबक, मल्चिंग सगळं केलंय. आता आभाळ जे भरून आलंय ते हटायचं नाव घेईना. पेरं लांबलीत, पानं मोठी पण पातळ, अन् कळी लागली की गळून बेडवर पडायलीय. कृषी केंद्रवाले टॉनिक सांगायलेत, शेजारचे युरिया सोडा म्हणायलेत, बारावीतली पोरगी म्हणते, "पप्पा, प्रकाशच कमी आहे, प्रकाशसंश्लेषणाचा वेग पडलाय."

पटतं, पण ह्याच जाळीखाली उन्हाळ्यात काकडी बरी आली होती. तेव्हा उलटंच व्हायचं, बेडमध्ये ओल असूनही दुपारी पानं माना टाकायची. मग ऊन जास्त होतंय की कमी? कुणी उलगडून सांगेल का?

मोसंबीवाला
पोरीचं ऐका. अन् युरियाचं नाव काढू नका. आधीच वर पळणाऱ्या झाडाला अजून कशाला पळवता?

प्रयोगवही
दादा, दोन्ही खरं आहे. ब्लॅकमन नावाच्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने 1905 साली मांडलं होतं की उजेड, तापमान, कार्बन डायऑक्साइड अशा अनेक गोष्टी लागत असल्या, तरी वेग ठरतो त्या वेळी सगळ्यात तुटवड्यात असलेल्या गोष्टीवर. बाकीच्या कितीही वाढवा, फरक पडत नाही. तुमच्या जाळीत ती गोष्ट ऋतूप्रमाणे बदलते, एवढंच.

आत्ताचं बघा. निरभ्र दुपारी उघड्यावर लाखभर लक्स उजेड असतो. जाळी त्यातला पाव भाग आत सोडते, म्हणजे पंचवीस हजार. ढोबळीच्या वरच्या एका पानाला साधारण निम्मं ऊन पुरतं, त्यापुढे वेग फारसा चढत नाही. पण खालच्या पानांवर वरच्यांची सावली, म्हणून सबंध झाडाची भूक मोठी असते. आता बाहेरच आभाळ असेल तर त्याच्या पाव भागात झाड काय खाणार? ते उजेड शोधत उंच जातं, आणि पोसता येत नाहीत त्या कळ्या टाकून देतं. त्यात जाळी हिरवी. हरितद्रव्य लाल आणि निळा उजेड जास्त वापरतं, हिरवी जाळी नेमका तोच जास्त अडवते.

मोबाईलमध्ये लक्स मोजायचं ॲप मिळतं. आकडा अगदी अचूक नसतो, पण आत-बाहेरचा फरक कळतो. फोन आडवा धरून मोजा.

गोदाकाठ
सकाळी अकराला मोजलं. बाहेर 24 हजार, आत साडेपाच. जाळीवर धुळीचा थरही बसलाय, रस्त्याचं काम चालू होतं ना शेजारी.

पण मग एप्रिलमध्ये काय अडत होतं? अन् पाणी वाढवलं असतं तर?

प्रयोगवही
एप्रिलमध्ये उजेड आत्तापेक्षा खूप जास्त होता. अडत होती हवा. चाळिशीचा पारा आणि कोरडं वारं असलं की पानातून पाणी इतकं उडतं की मुळं पुरी पडत नाहीत. मग पान पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, मिटून घेतं. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइड आत यायची वाटही तीच. ऊन डोक्यावर, ओल बुडाशी, आणि कारखाना कच्च्या मालावाचून बंद. शिवाय उष्णता वाढली की रुबिस्को हे पानातलं कार्बन डायऑक्साइड पकडणारं विकर त्याच्याऐवजी प्राणवायू जास्त पकडू लागतं, तयार अन्नाची नासाडी होते. काकडी, ढोबळी, कापूस, सोयाबीन सगळी ह्या गटातली. ज्वारी, मका, ऊस यांच्यात कार्बन डायऑक्साइड आधी गोळा करून रुबिस्कोपाशी पोचवायची सोय असते, म्हणून आपली ज्वारी तसल्या उन्हातही तग धरते.

पाणी वाढवून उपयोग नव्हता. भारी काळ्या जमिनीत पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, मग पान अजूनच सुकतं.

काळी_माती
माझंही शेडनेट आहे, परतूरकडे. उन्हाळ्यात पाणी पहाटे द्यायचं, दुपारी फॉगर, म्हणजे धुक्यासारखं पाणी फवारणारी तोटी, थोडा थोडा वेळ. पाणी कमी असलं तरी जमतं, काम हवेत ओलावा धरायचं असतं. फक्त लाईट दिवसाची पाहिजे, आमच्याकडे आठवडा-आठवडा रात्रीचीच असते!

आत्ता मात्र छताची जाळी धुवा, अन् जमलं तर गुंडाळा. बाजूची काढू नका. पुढची खरेदी करताना 35 किंवा 50 टक्क्यांची पांढरी घ्या, अन् तारेवर सरकणारी बसवा. एप्रिलला ओढा, आषाढात उघडा.

गोदाकाठ
छताची जाळी शिवलेली आहे, पण पाखं उसवून गुंडाळता येतील. एक शंका. एका दुकानात कार्बन डायऑक्साइडच्या पुड्या दाखवल्या, बेडजवळ टांगायच्या. घेऊ का?

प्रयोगवही
नको. हवेत तो दहा लाख भागांत 420 पेक्षा थोडा जास्त आहे. बंद काचघरात भर दिवसा तो खाली जातो, तिथे वाढवून फायदा होतो. तुमची जाळी सगळीकडून हवा सोडते, दिलेला गॅस वाऱ्यावर जाईल. आणि आत्ता तुटवडा उजेडाचा आहे.

मोसंबीवाला
पाखं एकदम उसवू नका बरं का. सावलीत वाढलेलं पान कोवळं असतं. आभाळ असतानाच उघडा, तेही एक पाख आधी. अचानक ऊन पडलं तर फळावर पांढरे चट्टे येतात, तो माल व्यापारी बाजूला काढतो.

गोदाकाठ
बरं झालं सांगितलं. उद्या उत्तरेकडचं पाख उसवतो, पोरगीला आत-बाहेर लक्स मोजायला लावतो. कळी गळायची थांबली की इथंच कळवतो.