मदत हवी आहे: पहिली ते चौथीची सहल, तेवीस मुलं, दोन शिक्षक

नमस्कार मंडळी,

जुन्नर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, पट २३, शिक्षक दोन. त्यातल्या सरांकडे मुख्याध्यापकाचा कारभार, म्हणजे कुठली तरी माहिती भरायची लिंक आली की चारही वर्ग माझे. जानेवारीत सहल काढायची आहे. परवा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत जे झालं त्यानंतर वाटलं, इथे विचारावं.

आधी गेल्या वर्षीचं सांगते. खासगी बस, माणशी ६५० रुपये, एका दिवसात पाच ठिकाणं. तिसऱ्या ठिकाणी पोरं "बाई, डबा कधी खायचा?" एवढंच विचारत होती. चौथ्या ठिकाणी पहिलीची दोघं माझ्या मांडीवर झोपली. पाचवं ठिकाण मीच गाडीतून बघितलं. दुसऱ्या दिवशी तिसरी-चौथीला दहा ओळी लिहायला दिल्या, तर अकराच्या अकरा वह्यांत तेच: आम्ही सहलीला गेलो, वेफर खाल्ले, खूप मजा आली. एकाने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, "मला गाडी लागली."

आणि तीन मुलं आलीच नाहीत. घरचे शेतमजुरीला जातात, ६५० कुठून आणणार? तिघांच्या पोटात एकाच दिवशी दुखत होतं. त्यातला एक सकाळी साडेसहाला बस बघायला शाळेच्या फाटकाशी येऊन उभा होता. बस सुटली तेव्हा त्याने सगळ्यांना टाटा केला. ते डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून या वर्षी मी म्हटलं, जवळ जाऊ, एकाच ठिकाणी जाऊ, एसटीने जाऊ. त्यावर समितीतले एक पालक म्हणाले, "मॅडम, पोरांनी जन्मापासून हेच डोंगर बघितलेत. तुम्ही पण हेच दाखवणार?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांना वॉटर पार्क हवंय. खरं सांगू? त्यांचं म्हणणं मला सरसकट चूक वाटत नाही, म्हणूनच अडकलेय.

तर जवळचं असूनही पोरांना नवं वाटेल असं काय आहे? एसटीचं कसं करायचं? परवानगीच्या अर्जात आमच्याकडे दहा मुलांमागे एक शिक्षक दाखवावा लागतो, तो तिसरा कुठून आणू? आणि सहलीच्या आधी-नंतर वर्गात काय घेता येईल? आनंददायी शनिवारचे तास हाताशी आहेत. निबंध सोडून काहीही सुचवा.

– दुपारची घंटा

पाटीपेन्सिल:

ताई, मी केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो. तिसऱ्या शिक्षकाचा प्रश्न सोपा आहे. केंद्रातली शेजारची कमी पटाची शाळा सोबत घ्या. दोन शाळा मिळून चार शिक्षक होतात आणि एसटीही भरते. अर्ज मात्र दोन्ही शाळांचे वेगवेगळे करा, केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. पालकांची संमतीपत्रं सहीनिशी घ्या. अंगठा असेल तर शेजारी कोणाचा ते लिहा. मुलांची यादी, पालकांचे नंबर आणि गाडीचा नंबर असलेला एक कागद शाळेत ठेवून जा. २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेले चौदा विद्यार्थी बुडाले, तेव्हापासून पाणी आणि कडेकपारी म्हटलं की खातं हात आखडतं. आखडायलाच हवा. वॉटर पार्कबद्दल समितीला हे शांतपणे सांगा, तुमच्यावरचा भार कमी होईल.

पैशाचं. "गरीब मुलांचे पैसे आम्ही भरतो" असं बैठकीत कुणी म्हणू लागलं तर तिथेच थांबवा. ती तीन नावं सगळ्या वाडीला कळतात आणि पोरांना पुन्हा पोटदुखी होते. आम्ही डिसेंबरात शाळेत बाजार भरवायचो. पोरं घरची मेथी, कोथिंबीर, बोरं आणायची, कुणाची आई भेळेचं सामान द्यायची. येईल तो नफा एका डब्यात आणि डबा सहलीचा. वर्गणी कमीत कमी ठेवायची आणि तीही त्याच डब्यात टाकायची. कुणी किती टाकले ते डब्याला ठाऊक. शिवाय तिसरी-चौथीचं नफा-तोट्याचं गणितही फळ्यावर न चढता होऊन जातं.

लालडबा:

शाळेच्या सहलीला एसटी भाड्यात ५० टक्के सवलत देते. मुख्याध्यापकांचं पत्र आणि मुलांची यादी घेऊन नारायणगाव आगारात जा आणि प्रासंगिक कराराची, म्हणजे सहलीपुरती अख्खी भाड्याने घ्यायची गाडी हवी असं सांगा. फोनवर विचारू नका, समोर बसून हिशोब मांडून घ्या. डिसेंबर-जानेवारीत सगळ्या शाळांच्या सहली एकदम निघतात, त्यामुळे तारीख ठरली की त्याच आठवड्यात जा. शुक्रवार-शनिवार सोडून मंगळवार-बुधवार मागितलात तर गाडी मिळायची शक्यता जास्त.

कुकडीकाठ:

मी ओतूरकडचा, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही.

चौथीला 'शिवछत्रपती' हे पुस्तक आहे, म्हणजे कुणीतरी शिवनेरी सुचवणारच. किल्ला आपला जीव की प्राण, पण पहिली-दुसरीची पोरं सोबत असताना मी नेणार नाही. सात दरवाजे चढून जाईपर्यंत त्यांची दमछाक होते आणि वर कडेलोटाकडे धावणाऱ्या चौथीच्या पोरांमागे तुम्ही दोघं पुरे पडणार नाही. मधमाश्यांची पोळी असतात, ते वेगळंच. शिवनेरीला फक्त चौथी न्या, पालकांसह, एखाद्या रविवारी. १९ फेब्रुवारीच्या आसपास तर नकोच, पाय ठेवायला जागा नसते.

तुमच्या समितीतल्या त्या पालकांना माझं एक उत्तर आहे. पोरांनी द्राक्षाची बाग बाहेरून हजार वेळा बघितली असेल, पण काढणीच्या दिवशी बागेत काय चालतं ते किती जणांनी बघितलंय? जानेवारीत काळी द्राक्षं उतरायला लागतात. एखाद्या माजी विद्यार्थ्याची बाग गाठा. बागायतदाराकडे रिफ्रॅक्टोमीटर असतो, मुठीत धरता येईल एवढी जाड नळी. काचेवर द्राक्षाच्या रसाचा थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून आत डोळा लावायचा. निळ्या-पांढऱ्या रंगाची सीमा ज्या आकड्यावर येते तेवढी साखर. आमच्या पुतण्याने एकदा तो हातात घेतला तो सोडेना. द्राक्ष झालं, मग लिंबू, मग चहा, मग स्वतःची थुंकी. पोरांना आधी चाखून गोडीचा अंदाज सांगायला लावा, मग मोजा.

एकच काळजी घ्या. शेवटची फवारणी कधी झाली ते मालकाला आधी स्पष्ट विचारा. आणि वेलीवरचा घड तोडून तोंडात, हे कुणालाही करू देऊ नका. खायची द्राक्षं धुऊन वेगळी ठेवायला सांगा.

टोमॅटोचा लिलाव दाखवायचा असेल तर नारायणगावचा बाजार झकास, पण जानेवारीत आवक कमी असते. ते जुलैसाठी ठेवा.

अँटेना:

कुकडीकाठ यांना अनुमोदन, आणि त्याला जोडून खोडद. नारायणगावपासून दहा-बारा किलोमीटरवर जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. चौदा मधल्या भागात जवळजवळ, उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन हातांवर लांबवर पसरलेल्या. तुमची पोरं त्यांना 'डिश' म्हणत असतील आणि एवढ्या मोठ्या डिशवर किती चॅनल दिसतात असं विचारत असतील. विचारू द्या, तिथूनच सुरुवात करा.

आधी पत्र देऊन वेळ घ्या. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, सगळ्यांसाठी खुलं असतं आणि शाळांचे प्रयोगही मांडलेले असतात, पण त्या गर्दीत सहा वर्षांची पोरं सांभाळणं अवघड. साधा दिवस बघा. तिथे मोबाइल बंद ठेवावे लागतात. ही दुर्बीण डोळ्याला दिसणारा उजेड बघत नाही, आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी ऐकते. खिशातला मोबाइल म्हणजे तिच्या कानाशी वाजणारा ताशा. हे वाक्य मी दुसरीच्या वर्गात वापरलंय, लगेच कळतं.

सहलीआधी वर्गात करायचं एक सांगतो. ४५ मीटर म्हणजे किती हे फळ्यावर सांगून कळत नाही. साडेबावीस मीटरची सुतळी घ्या. एक टोक खुंटीला, दुसरं ताणून धरून गोल फिरा आणि मागून फक्की, म्हणजे मैदान आखायची पांढरी पूड, टाकत जा. एवढी एक तबकडी. मग पोरांना त्या वर्तुळात उभं करा.

दुसरं, पिठाची चाळणी. तबकडीचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा नाही, तारेच्या जाळीचा आहे. भरीव असता तर वाऱ्याने केवढा रेटा दिला असता! सुपाने चाळणीवर वारा घाला, आरपार जातो. मग सुपासमोर पुठ्ठा धरा. लांब रेडिओ लहरींना मात्र ती बारीक भोकं जाणवतच नाहीत, त्या जाळीवरून परत फिरतात. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या या युक्तीने दुर्बीण हलकी आणि स्वस्त झाली, हे मुलांना नाही सांगितलंत तरी समितीला सांगा. आपल्या तालुक्यात जग बघायला येतं असं काहीतरी आहे, हे ऐकून माना उलट्या दिशेने डोलतात का बघू.

आई ठाणेकर:

माझं मत जरा वेगळं. वॉटर पार्क मागणाऱ्या पालकांना इतकं कमी का लेखायचं? शहरातली पोरं वर्षाला तीनदा जातात आणि शेतकऱ्याच्या पोराने मागितलं की त्याला शैक्षणिक मूल्य दाखवायचं?

बाकी, गाडी लागण्याबद्दल. निघायच्या आधी दूध-चहा देऊ नका, कोरडं काहीतरी द्या. लागणाऱ्या मुलांना पुढे खिडकीशी बसवा. आलेपाकाच्या वड्या, जाड पिशव्या, एक जुना टॉवेल. आणि दर तासाला गाडी थांबवून मुलींना स्वच्छतागृह कुठे मिळेल ते आधी ठरवा. हे पुरुष शिक्षक हमखास विसरतात.

दुपारची घंटा:

ठाणेकर ताई, कमी लेखत नाही हो. मला स्वतःला घसरगुंडीवर बसायला आवडेल. पण तिथल्या तिकिटात माझी तीन पोरं पुन्हा फाटकाशी उभी राहतात, हा हिशोब आहे. स्वच्छतागृहाचं लिहून घेतलं, खरंच विसरले होते.

अँटेना सर, खोडदच्या तबकड्या आमच्या पोरांनी लांबून बघितल्यात, आत कुणीच गेलेलं नाही. पहिलीतल्या एकीचं म्हणणं, त्या पाऊस गोळा करायला ठेवल्यात.

मोडीवेडा:

सहलीला न जाता वर्गात करण्यासारखं: नाणेघाटाचे आकडे. तिथल्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे आणि त्यात दान दिलेल्या गोष्टींच्या संख्या कोरल्यात. लहान पोरांना घाटाच्या तोंडाशी नेऊ नका, पण ब्राह्मीतला एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन, एवढं पाटीवर काढून दाखवा. चार कसा असेल ते ओळखायला सांगा. सगळे चार रेघा काढतात. मग खरा चार दाखवा, अधिकच्या चिन्हासारखा. "हे कशाला बदललं?" असं कुणीतरी विचारतंच, आणि मग पाच मिनिटं तुम्हाला काही बोलावं लागत नाही. जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण फोटोत दाखवा. पाटीपेन्सिल यांच्या डब्याचा पूर्वज समजा.

दुपारची घंटा:

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, पण बरंच जमलंय.

शेजारच्या वाडीची शाळा सोबत येतेय. त्यांचा पट चौदा, म्हणजे मुलं ३७ आणि शिक्षक चार. आगारात सर स्वतः जाऊन आले, बुधवारची गाडी मिळाली. सकाळी एका माजी विद्यार्थ्याची द्राक्षबाग, तिथेच डबे, दुपारी खोडद. दोनच ठिकाणं. पत्र गेलंय. बाजार भरवला, त्यात सर्वांत जास्त विक्री त्या फाटकाशी उभ्या राहणाऱ्या मुलाची झाली. आजीने बांधावरची बोरं दिली होती, तो मापट्याने विकत होता आणि वर चार बोरं ज्यादा टाकत होता. डब्यात वर्गणी धरून जमलेल्या पैशात गाडी बसते. समितीतल्या त्या पालकांना मी अँटेना सरांचा प्रतिसाद मोबाइलवर वाचून दाखवला. ते म्हणाले, "मग मी पण येतो." या म्हटलं, पिशव्या आणि टॉवेल तुमच्याकडे.

आता सुतळीचं. आमच्या मैदानात वर्तुळ मावेना. शेजारी बाजरी काढलेलं रान होतं, तिथे खुंटी ठोकली. मधल्या रेषेवर तेवीसही पोरं हात पसरून उभी केली, तर अर्ध्याच्या थोडं पुढे साखळी संपली. मी, सर आणि पोषण आहाराच्या मावशी जोडलो तरी पुरेना. मग फक्की टाकत गोल फिरलो, तर एका बाजूने वर्तुळ थेट शेजाऱ्यांच्या कांद्याच्या वाफ्यात गेलं. मालक ओरडत आले. चौथीतल्या मुलीने त्यांना सांगितलं, "काका, ही खोडदची डिश आहे, अजून थोडी राहिलीये." ते दोन मिनिटं बघत राहिले, मग चपला काढून बांधावर ठेवल्या आणि कांदा न तुडवता वाफ्यातून सुतळीचं टोक स्वतः धरून नेलं.

एक प्रश्न राहिलाच. गाडी लागणाऱ्यांना पुढे बसवायचं म्हटल्यापासून वर्गातल्या सतरा जणांना गाडी लागायला लागली आहे. खरे किती ते कसं ओळखायचं?