कबुली, जबाब आणि कडब्यातला कोयता

'आरोपीनं पोलिसांसमोर गुन्हा कबूल केला, मग खटला कशाला?' या प्रश्नात मोठी गफलत आहे. पोलिसांपुढची कबुली, लेखी असो की तोंडी, आरोपीविरुद्ध वापरताच येत नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात हे कलम 25 होतं, 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचं 23. (संघटित गुन्हेगारीविरोधी मोक्का कायद्याची गोष्ट वेगळी. तिथे पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानं नोंदवलेली कबुली चालते.)

खरी मेख या नियमाला अपवाद असलेल्या जुन्या कलम 27 ची. समजा आरोपी पंचांसमोर म्हणाला, 'ज्या कोयत्यानं मी त्याला मारलं तो गोठ्यामागच्या कडब्यात लपवलाय, चला दाखवतो.' कोयता निघाला, तर 'लपवलाय, दाखवतो' एवढंच पुराव्यात येतं. 'मी मारलं' गाळायचं. प्रिव्ही कौन्सिलनं (ब्रिटिश काळातलं शेवटच्या अपिलाचं न्यायालय) 1946 मध्येच पुलुकुरी कोट्टय्या प्रकरणात ही मर्यादा घालून दिली. तरी आरोपीचं हे निवेदन नोंदवणाऱ्या पंचनाम्यात सगळं वाक्य सर्रास उतरवलेलं असतं, आणि एकदा वाचलेलं डोक्यातून पुसायचं कसं, हा माझा जुना प्रश्न.

साक्षीदारानं जबाब फिरवला की केस पडलीच, असंही नाही. पोलीस जबाबावर त्याची सही घेतच नाहीत, तो स्वतंत्र पुरावाही नव्हे. उलटतपासात फक्त तफावत दाखवायला वापरायचा. 'हातात काठी होती' जबाबात नाही आणि कोर्टात आलं, तर आधी साक्षीदाराला, मग तपास अधिकाऱ्याला विचारून ती तफावत शाबीत करावी लागते. नवखे वकील नेमकं हे दुसरं विसरतात. फितूर साक्षीदाराचीही सगळी साक्ष बाद होत नाही, विश्वासार्ह भाग न्यायाधीश घेऊ शकतात.