गोराई खाडी: बचतगटासाठी चिंबोरीपालन करावं की कालवं?

खाडीवाट:
गोराईच्या बाजूला चिंबोऱ्या-तिसऱ्या वेचून घर चालवणाऱ्या बायकांचा बचतगट आहे. एकही तिवर न तोडता त्यांची कमाई कशी वाढेल? चिंबोरीपालन की कालवं? परवानगी आणि खर्चाचंही सांगा.

तिवरराखण:
आधी जागेचं बघा. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानुसार कांदळवन (तिवरांचं जंगल) तोडायला बंदी आहे आणि भोवतीच्या 50 मीटर पट्ट्यात बांधकामही चालत नाही. म्हणजे तळं खोदणं, बांध घालणं विसराच. भरतीचं पाणी अडलं की तिवरांची श्वासमुळं बुडून झाडं मरतात. राज्याची कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना 2017 ची. तिच्यात गटाला 90 टक्के अनुदान मिळतं, एकट्याला 75. अर्ज गावच्या सहव्यवस्थापन समितीमार्फत जातो, म्हणून तुमचं गाव त्यात बसतं का हे वनविभागाच्या कांदळवन कक्षात आधी विचारा. उरलेले 10 टक्के गटाने अगोदरच साठवून ठेवावेत.

भरतीओहोटी:
सुरुवात चिंबोरीची पिल्लं वाढवण्यापासून नको. त्यात सहा-आठ महिने पैसा अडकतो आणि हातावर पोट असलेल्या बाईला तेवढं थांबणं परवडत नाही. नुकतीच कात टाकलेली, आतून पोकळ चिंबोरी बाजारात कवडीमोलाने जाते. तीच तीन-चार आठवडे पोसली की मांसाने भरते आणि भाव कितीतरी वाढतो. मात्र प्रत्येकीला वेगळा खण हवा. मऊ चिंबोरीला दुसरी खाऊन टाकते. खाद्य रोज वजनाच्या 5 ते 8 टक्के, संध्याकाळी, कारण ती रात्री खाते. बाजारातली माशांची ताजी डोकी-कल्ले चालतील. खाद्यासाठी बोटीवरची माशांची बारीक पिल्लं विकत घेऊ नका, नाहीतर इकडे खाडी राखायची आणि तिकडे समुद्र उपसायचा. उरलेलं सकाळी काढा, सडलं की पाण्यातला प्राणवायू संपतो. क्षारता 15 ते 25 पीपीटी (हजार भाग पाण्यात इतके भाग मीठ) ठेवा. जोराच्या पावसात ती एकदम कोसळते, म्हणून जुलै-ऑगस्टला खण रिकामेच बरे.

पुढे पिल्लं वाढवायची झाली तर ती तमिळनाडूतल्या राजीव गांधी जलकृषी केंद्राच्या हॅचरीतून (पिल्लं तयार करण्याच्या जागेतून) आणा. खाडीतली उचललीत तर वेचणाऱ्या इतर बायकांच्याच ताटातलं जाईल. एका चौरस मीटरला एकच सोडा, आणि हिशेब निम्म्याहून कमी जगतील असाच मांडा.

खारफुटी_मित्र:
कालवं मुंबईच्या खाडीत नकोच. ती पाणी गाळून खातात, सांडपाण्यातले जंतू अंगात साठवतात आणि खाणारा आजारी पडतो. सिंधुदुर्गातल्या स्वच्छ खाडीची गोष्ट वेगळी.

एक नियम गटाच्या ठरावात लिहून घ्या: अंडी धरलेली मादी सापडली की सोडायची. आणि विक्री एकत्र करा, वजनकाटा गटाचाच ठेवा. व्यापाऱ्याच्या काट्यावर चिंबोरी गेली की पोसल्याचा फायदा तिथेच जातो.